शेवटी मरायचं कोणी?

जुन्या काळातली ती गाजलेली प्रेमकादंबरी पडद्यावर येणार म्हणून सगळा स्टुडिओ खुशीत होता. जळत होते फक्त रणधीरराव. सिनेमाचे नायक तेच, नायिकेच्या रुबाबदार इनामदार नवऱ्याच्या भूमिकेत. पण शेवटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मरायचं होतं ते तिच्या जुन्या प्रियकराला, म्हणजे तन्मय नावाच्या कालच्या पोराला. तालमीत त्याचं मरण बघून मेकअपवालेसुद्धा डोळे पुसायला लागले, तेव्हा रणधीररावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मरणार मी!" त्यांनी पटकथा लिहिणाऱ्या वृंदाताईंना दरडावलं. "गोष्ट बदला, नाहीतर दुसरा नायक शोधा."

दिग्दर्शकाच्या तोंडचं पाणी पळालं. वृंदाताई मात्र हसल्या.

"खुशाल मरा, साहेब. पण तुम्ही गेलात की ती विधवा. काळ सुधारकांचा आणि प्रियकर जिवंत, म्हणजे पुनर्विवाह लावावाच लागेल. शेवटच्या सीनला मंगलाष्टकं, अंतरपाट दूर होतो, समोर मुंडावळ्या बांधलेला तन्मय. आणि तुम्ही मागच्या भिंतीवर, हार घातलेल्या तसबिरीत."

रणधीररावांच्या डोळ्यांसमोर ते लग्न उभं राहिलं.

"तोच मरू दे," ते गुरगुरले, "आणि मध्यंतराच्या आत!"