लाखोरीचं पहिलं पाणी

खूप मागची गोष्ट आहे. तांबेझरी गावावर तेव्हा लागोपाठ दुष्काळ पडला. गावचं तळं, ज्याला सगळे बोडी म्हणत, ते तळापर्यंत भेगाळलं. बांध्यांतलं, म्हणजे भातखाचरांतलं, धान उभ्या उभ्या करपलं. तगली ती एकटी लाखोरी. ही डाळ नुसत्या दवावरही पिकते. मग गाव तीच खाऊ लागलं. सकाळी लाखोरीच्या घुगऱ्या, संध्याकाळी लाखोरीच्याच पिठाची भाकर.

पोटं भरली, पण पाय जाऊ लागले. आधी पिंढऱ्या ताठरायच्या, मग टाचा भुईला टेकेनाशा व्हायच्या. माणूस काठीवर यायचं आणि शेवटी बसल्या बसल्या सरकायचं. कोणी म्हणालं, देवीचा कोप आहे. कोणी म्हणालं, करणी आहे.

त्या गावात बिरजा नावाची बाई राहायची. तिचा नवरा डोमा चांगला धिप्पाड गडी, पण तोही काठीवर आला, आणि बिरजाला आपली आई आठवली. तिची आई लाखोरी कधी तशीच शिजवत नसे. रात्रभर भिजवून ते पाणी फेकायची. मग एक उकळी आणून तेही पाणी फेकायची, आणि त्यानंतरच दाणे शिजवायची. "वीख पाण्यात उतरते, बाई," असं ती सांगायची. बोडीत पाणी होतं तोवर बिरजाही तसंच करायची. बोडी आटली आणि तिनं पाणी फेकणं सोडलं होतं.

ती घरोघर गेली. "लाखोरीचं पाणी फेका," म्हणाली. "पहिलंही फेका, दुसरंही फेका."

शेजारच्या पुनाबाईनं ऐकून घेतलं. मग ती हळूच म्हणाली, "बिरजा, लेकरांना प्यायला घोटभर नाही माझ्या घरी. फेकू काय?"

नदी लांब होती. ज्यांचे पाय धड होते, ते घरच्यांची तहान भागवता भागवताच थकून जात. तेव्हा बिरजानं डोक्यावर घडे घेतले आणि वाट धरली. ज्या घरात लहान लेकरं, त्या घरची लाखोरी ती स्वतः भिजवायची आणि स्वतःच्या हातानं पाणी फेकायची. लेकरं त्या ओल्या मातीकडे बघत राहायची. पुनाबाई तोंड फिरवून बसायची.

पुढे नदीही आटली. असं म्हणतात, बिरजानं वाळूत हात घातला की पाणी वर यायचं, पण तिचे घडे भरतील एवढंच. त्यात तिच्या स्वतःच्या घरची पाळी कधी यायची नाही.

"आपल्या दाण्यांना?" डोमानं एकदा विचारलं.

"अजी, उद्या आणते," ती म्हणाली.

त्यानं समोरच्या घुगऱ्या खाल्ल्या. तिनंही खाल्ल्या.

मग बिरजाच्या टाचा उचलल्या. असं म्हणतात, तरी ती मांडीवर घडा धरून सरकत सरकत नदीवर जायची, आणि ती गेली त्या वाटेवर पुन्हा गवत उगवलं नाही. एका सकाळी ती परतली नाही. लोक शोधायला गेले, तेव्हा वाळूत भरलेला घडा होता. बिरजा नव्हती. असं म्हणतात, गावानं तो घडा तिथंच पिऊन संपवला. लाखोरीसाठी कोणी थेंबही ठेवला नाही.

मग पाऊस आला. बोडी भरली, नदी भरली. पण गेलेले पाय परत आले नाहीत. त्या वर्षी तांबेझरीत बायाबापड्यांनी चिखलात बसून, सरकत सरकत रोवणी केली. बिरजानं ज्यांच्या घरी पाणी नेलं होतं, ती थोडीशी लेकरं तेवढी उभी होती आणि बांधीभर धावून रोपांच्या पेंढ्या पोचवत होती. डोमा बांधावर बसून त्यांची पावलं बघत राही.

आजही तांबेझरीत लाखोरी भिजवली की तिचं पहिलं पाणी अंगणात ओततात. त्याला बिरजाचं पाणी म्हणतात. ऐन उन्हाळ्यात, विहिरी आटल्यावरही ते कोणी राखत नाही आणि कोणी ओलांडत नाही. माती कोरडी होईस्तोवर घरातली सगळी माणसं दारात थांबतात. ज्याला उभं राहता येतं, तो उभा राहतो.