गोंदाईचं ताट

एका राज्यात एक सण सरायच्या आत दुसरा दारात येऊन उभा राही, आणि तिथल्या राजाला भेटी देण्याचं भारी वेड होतं.

राजाचं नाव केयूर. राज्यकारभार प्रधान बघत, राजा भेटी बघे. संक्रांतीला कुणाला कोणतं वाण, पाडव्याला कुणाला कोणतं वस्त्र, सगळं त्याच्या डोक्यात. मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याच्या सासूचे गुडघे दुखतात, तिला कोणतं तेल द्यावं, हेसुद्धा त्याला ठाऊक. भेट कापडात गुंडाळायची, वर रेशमी गाठ मारायची, स्वतः नेऊन द्यायची, आणि समोरच्यानं गाठ सोडेपर्यंत या पायावरून त्या पायावर नाचत उभं राहायचं. राजाला हे शोभतं का, असं प्रधानजी विचारत. शोभत नव्हतंच. पण ऐकतो कोण!

त्यातली सगळ्यांत सुंदर भेट असे वडील बहिणीसाठी, मृणालवतीसाठी. आईबाप गेले तेव्हा राजा चार वर्षांचा होता आणि ती बारा वर्षांची. तिनंच त्याला भरवलं, निजवलं, लिहायला शिकवलं आणि सिंहासनावर बसवलं. राजाला ती आई होती, बाप होती, आणि कान धरायला ताई होतीच.

राजवाड्याशेजारच्या टेकडीवर गोंदाई नावाची म्हातारी चेटकीण राही. एका दिवाळीला तिनं तांब्याच्या ताटात फराळ पाठवला. चकल्या, करंज्या, अनारसे, वर विणलेला रुमाल. राजानं खाल्लं, बोटं चाटली आणि विचारात पडला. चेटकिणीला उलट काय पाठवावं? हिरा पाठवावा, तर ती फुंकर मारून खड्याचा हिरा करते. शालू पाठवावा, तर ती ढग नेसते.

ताई म्हणाली, "चिमूटभर साखर घाल आणि ताट धाडून दे. शेजारचं भांडं रिकामं परत जात नाही."

राजा हसला. "राजाच्या घरून साखर? मोठी भेट मागाहून पाठवीन."

दिवाळी सरल्यावर त्यानं ताट चिंच लावून घासलं, आरशासारखं लखलखीत केलं आणि रिकामं पाठवलं. मागाहून म्हणजे कधीच नाही, हे तुम्हांआम्हांला कळतं. राजाला कोण सांगणार?

ताट पोचलं त्याच घटकेला गोंदाई राजसभेत उभी राहिली. दारातून आली नाही, नुसती उभी राहिली.

"राजा, माझं ताट रिकामं आलं. आता तुझ्या हातून जाईल ती प्रत्येक भेट रिकामी होईल. आणि ज्या बहिणीचं तू ऐकलं नाहीस, ती तिला दिलेल्या तुझ्या प्रत्येक रिकाम्या भेटीगणिक दगड होत जाईल."

एवढं बोलून ती नाहीशी झाली.

गुढीपाडवा आला. राजानं ताईला पैठणी दिली. गाठ सोडली तर आत काही नाही, आणि ताई घोट्यापर्यंत दगड. राखी आली. राजानं रत्नहार स्वतःच्या हातानं तिच्या हातात ठेवला, तो ठेवता ठेवताच विरला, आणि ताई गुडघ्यापर्यंत दगड. दसऱ्याला राजा भीत भीत नुसतं आपट्याचं पान घेऊन गेला. तेही गेलं. ताई कमरेपर्यंत दगड झाली. देवघराच्या दारात होती तिथंच उभी राहिली.

"भाऊबीजेला काही देणारच नाही," राजा म्हणाला.

"ओवाळून तबक रिकामं राहिलं, तर ती रिकामी भेटच झाली," ताई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण तिनं त्याचा हात घट्ट धरला होता.

त्या संध्याकाळी राजा बागेत बसून रडला. तेवढ्यात कुंपणावर भारद्वाज येऊन बसला. लाल डोळे, तांबूस पंख. हा पक्षी ज्याला दिसतो त्याला गोड खायला मिळतं, असं जुनी माणसं सांगतात.

"रडू नकोस," भारद्वाज म्हणाला. "कुणाच्याही शापानं रिकाम्या होत नाहीत अशा तीन वस्तू जगात आहेत. यक्षाच्या तळ्यातलं गाणारं पैंजण. कोळिणीनं विणलेला उजेडाचा शेला. राक्षसाच्या उशाचा आरसा. एक आणलीस तरी बहीण वाचेल."

राजानं डोळे पुसले. "तिन्ही आणतो."

"एक पुरे म्हटलं ना मी."

"भाऊबीज आहे," राजा म्हणाला, आणि लगेच घोड्यावर बसला. भारद्वाज कपाळाला हात लावणार होता, पण त्याला हात नव्हते. तो मुकाट्यानं राजाच्या खांद्यावर बसला.

राजा निघाला. पहिल्यांदा नदी लागली. नाववाली चंपू हिनं पैलतीरी नेलं आणि वाटेत खायला पितळी वाटीत लाह्या दिल्या. पुढं कुंभारवाडा लागला. तिथं रखमी कुंभारणीनं गाडग्यात आंबील दिली. त्याच्यापुढं माळरान लागलं. तिथं बिरू धनगरानं चरवीभर दूध दिलं. तिघांनीही भांड्याचं नाव काढलं नाही. राजानं मात्र तिघांना सांगितलं, "येताना परत करीन." एकदा पोळलेला माणूस तो.

मग राज्याची सीमा संपली आणि यक्षाचं तळं आलं. काठावर पाचूंचे ढीग, माणकांच्या राशी. यक्ष पाण्यावर मांडी घालून बसला होता.

"हवं ते ने. पण एकच."

राजानं तळ्यात पाहिलं. माशांच्या कानांत भिकबाळ्या होत्या, काहींना झुपकेदार मिशा होत्या. दोन दोन उचलणारे सगळे तिथं सुखानं पोहत होते. राजानं पैंजण शोधलं, तर पैंजणांची जोडी. हाताला लागताच दोन्ही गाऊ लागली. बहिणीला एका पायातलं पैंजण कसं द्यावं? राजाचा हात दुसऱ्याकडे गेला, थांबला, मागं आला.

"ताईचा एक पाय वाजला तरी पुरे," तो म्हणाला. यक्षाला वाईट वाटलं. त्याला एक मासा कमी पडला.

पुढं डोंगरात कोळीण राहत होती. हत्तीएवढी, पण आठही हात नाजूक. ती कोवळ्या उन्हाचा धागा काढत होती.

"सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत धागा धर. तोंडून शब्द निघाला तर धागा तुटेल, आणि तुझ्याभोवती जाळं विणीन."

राजानं धागा धरला. भेटीबद्दल गप्प बसणं हे त्या माणसाला उपाशी राहण्याहून अवघड. त्यात कोळिणीनं दिवसभर विचारावं: काठ निळा करू का? बहिणीला बुट्टे आवडतात का? पदराला गोंडे लावू का? राजाच्या पोटात उत्तरं उसळत होती. त्यानं ओठ चावून चावून सुजवले, पण शब्द काढला नाही. सूर्य मावळला. शेला मुठीत मावेल एवढा तलम झाला, आणि उलगडला की दहा समयांचा उजेड पडे. गोंडे कोळिणीनं आपल्याच मनानं लावले होते. राजाला ते फार आवडले.

तिसरी राक्षसाची गुहा. राक्षस शंभर वर्षं झोपला नव्हता. डोळे सुजलेले, स्वभाव वाईट.

"मला झोपव आणि आरसा ने. नाही झोपवलंस तर तुला खाईन. भूकही लागली आहे."

राजानं दरबारी गवयाचं गाणं म्हटलं. राक्षस उठून बसला. राजानं आपल्याच पराक्रमाचा पोवाडा म्हटला. राक्षसानं मीठ काढून ठेवलं. मग राजानं घाबरून डोळे मिटले आणि ताईची अंगाई म्हटली. ताईनं बाराव्या वर्षी स्वतःच रचलेली, अर्थ काही नाही:

"चिऊ निजली, पिऊ निजला,
चुलीमागचा बोका निजला,
ताकामधली रवी निजली,
राजा तेवढा जागाच राहिला."

चौथ्या ओळीला राक्षस घोरू लागला.

आरसा तळहाताहून लहान होता. राजानं त्यात पाहिलं, तर आपला चेहरा दिसेना. आई दिसली. कपाळावरची बट मागं सारत हसत होती, मागं वडील पागोटं बांधत होते. राजाला आईचा चेहरा आठवतच नव्हता. तो गुहेच्या दारात बसून ढसढसा रडला.

"हीच भेट," तो म्हणाला. "ताई बघेल आणि..." भारद्वाजानं डोकं दुसरीकडे वळवलं.

परत निघाले तेव्हा दिवाळी लागली होती. राजाचा आनंद गगनात मावेना. तिन्ही भेटी कोणत्या रंगाच्या कापडात बांधायच्या, आधी कोणती द्यायची, यावर त्यानं भारद्वाजाचं डोकं उठवलं.

माळरानावर बिरू धनगर भेटला. राजानं चरवी काढली, रानातली दोन फुलं तोडून तिच्यात घातली आणि पुढं केली. बिरूच्या हातात जाईपर्यंत फुलं गेली. राजाच्या लक्षात आलं. आपल्या हातची कोणतीही वस्तू भांड्यात टिकणार नाही. टिकणाऱ्या तीनच.

"असू द्या महाराज," बिरू म्हणाला. "रिकामी दिली तरी काय बिघडलं?"

बरंच बिघडलं होतं एकदा. राजानं उजेडाचा शेला चरवीत ठेवला. दोन राहिल्या.

कुंभारवाड्यात रखमी म्हणाली, "गाडगं कशाला आणलंत परत? मातीचंच आहे. फोडून टाकायचं."

भारद्वाज कानाशी कुजबुजला, "फोड. ती स्वतः सांगते आहे."

राजाचा हात उचलला गेला होता. पण त्याच गाडग्यातली आंबील त्याच्या पोटाला गरम लागली होती. त्यानं पैंजण आत सोडलं. गाडगं गाऊ लागलं, रखमीची पोरं धावत आली. राजाला हसू आलं. एक राहिली, पण ती एक सगळ्यांत मोठी होती, आणि एक पुरे असं भारद्वाज म्हणालाच होता.

भाऊबीजेच्या सकाळी नदी आली. चंपूनं नाव लावली, ऐलतीरी आणलं. लांबवर राजवाड्याचा कळस दिसत होता. राजानं वाटी हातात घेतली.

"ठेवा तिथं नावेत," चंपू म्हणाली. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

राजा ठेवायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. तिला काही नको होतं. कुणी बघत नव्हतं. घरी ताई कमरेपर्यंत दगड होऊन वाट पाहत होती. आरसा दिला तर ताई जाईल. न द्यावा, तर ही वाटी त्या ताटासारखीच रिकामी जाईल, आणि असल्या हातानं ताईला आईचा चेहरा कसा दाखवावा? जिनं साखर घाल म्हणून सांगितलं होतं, तिलाच?

"केयूरा," भारद्वाज म्हणाला, "विचार कर."

"केला," राजा म्हणाला. त्यानं आरशात एकदा पाहिलं, आईला नमस्कार केला आणि आरसा वाटीत ठेवला.

चंपूनं वाटी उचलली. नदीत बुडून गेलेला नवरा तिला आरशात दिसला. तो वल्हं खांद्यावर घेऊन हसत होता. मग तिनं नावेतली पुरचुंडी सोडली.

"सणाचे दिवस आहेत, रिकाम्या हातानं जाऊ नका." तिनं राजाच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

राजानं मूठ मिटली आणि घोडा फेकला. ऊन चढत होतं, तळहाताला घाम येत होता, मुठीत साखर विरघळत होती. लगाम त्यानं एका हातानं धरला. साखर टिकणार नाही हे त्याला ठाऊक होतं, पण तिच्यावाचून द्यायला दुसरं काहीच नव्हतं.

देवघराच्या दारात ताई तबक घेऊन उभी होती. समोर पाट मांडला होता. राजा धापा टाकत पाटावर बसला. ताईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजनानं ओवाळलं. प्रधानजींनी मान खाली घातली होती.

"काय आणलंस?" ताईनं विचारलं.

"चुकलो, ताई," राजा म्हणाला. "तू सांगितलं होतंस तेवढंच आणलं आहे."

त्यानं तबकावर मूठ उघडली. निम्मी साखर हाताला चिकटली होती. उरलेले पाच-पन्नास दाणे तबकात पडले. राजानं डोळे गच्च मिटले.

डोळे उघडले तेव्हा साखर तिथंच होती.

ताईनं बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. कमरेचा दगड उतरला, गुडघ्यांचा उतरला, घोट्यांचा उतरला. ताईनं एक पाय उचलून झटकला.

"मुंग्या आल्या आहेत," ती म्हणाली. मग तिनं राजाचा कान धरला. "वीस दिवस हिंडलास आणि एवढीशी साखर?"

"जास्त होती. घामानं गेली." राजा हसत होता आणि रडत होता. मग त्यानं तिला सगळं सांगितलं, कोणती भेट कुणाच्या भांड्यात गेली ते. आरशाचं त्यानं सगळ्यांत शेवटी सांगितलं.

"आई दिसली तुला?" ताईनं विचारलं.

"दिसली. हसत होती."

"तुला आठवत नव्हती ना ती," ताई म्हणाली. तिनं त्याच्या कपाळावरची बट मागं सारली. राजा तिच्याकडे बघतच राहिला. आरशात पाहिलेलीच ती लकब होती.

तेवढ्यात गोंदाई उभी राहिली. हातात तांब्याचं ताट, ताटात फराळ.

"तीन दारी भरली भांडी गेली, तेव्हाच माझा शाप संपला," ती म्हणाली. "चकल्या यंदा जरा कडक झाल्या आहेत."

राजानं फराळ काढून घेतला. ताट घासलं नाही, पुसलंही नाही. चिमूटभर साखर घातली आणि स्वतः टेकडीवर नेऊन दिलं. भारद्वाजालाही एक करंजी मिळाली.

तेव्हापासून त्या राज्यात भेटी पुन्हा भरल्या गाठीच्या झाल्या. ताट भरून आलं, ताट भरून गेलं. सांगणाऱ्याचं तोंड गोड झालं, ऐकणाऱ्यांचीही ओंजळ भरलेली राहो.