भाकरी पुन्हा फुगव

खानावळीत मोबाईल नुकताच आला होता आणि भाकरी अजून चुलीवर होत होती, तेव्हाची ही गोष्ट. यमुनाबाईंच्या खानावळीत एक जुना तवा होता. समोरच्या फळीवर मोबाईल येऊन बसला, भाकरीचे व्हिडिओ काढू लागला आणि तव्याचा जीव शिणू लागला.

"तवोबा, भाकरी पुन्हा फुगव. मघाशी धूर आला," मोबाईल म्हणायचा. "सगळं जग बघतंय आपल्याला!"

"अरे बाबा, भाकरी एकदाच फुगते," तवा म्हणायचा.

मग यमुनाबाई नवी भाकरी थापायच्या. आधीची टोपलीत निवत पडायची.

बाकावर बळवंतमामा ताट घेऊन बसलेले असायचे. म्हातारे हमाल, तोंडात दात नाही. गरम, मऊ भाकरीच तेवढी त्यांना खाता यायची.

"बाई, वाढताय ना?" एके दिवशी त्यांनी विचारले.

"थांबा की मामा, एवढं काढून होऊ द्या."

मामा थांबले. मग गार भाकरी आमटीत बराच वेळ भिजवत राहिले, आणि तशीच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

"हजार जणांना आवडली आपली भाकरी!" मोबाईल म्हणाला.

"त्यातलं जेवायला कोण येणार आहे?" तव्याने विचारले.

"जेवायला कशाला? ते लांब असतात."

दुपारी यमुनाबाईंनी सवयीने मामांचे ताट मांडले आणि भाकरी टाकली. ती टम्म फुगली.

"वा! बघ, कशी फुगली!" मोबाईल ओरडला.

यमुनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी भाकरी ताटात ठेवली आणि दाराकडे बघत उभ्या राहिल्या. भाकरी हळूहळू बसत गेली.