एकशे सत्तावीस बदकं

फार मागे, जनावरंही हिशोब करत तेव्हाची गोष्ट. माळावर चरणाऱ्या एकशे सत्तावीस बदकांची तळ्याची वाट कोल्ह्याने अडवली. "सारख्या रांगा करा. उरेल ते माझं!"

बदकांनी दोन रांगा केल्या, तीन केल्या, सात केल्या. दर वेळी एक बदक उरलंच. कोल्हा मिशा चाटू लागला. बदकांतली म्हातारी भुरी रांगा पुन्हा मोजू लागली. मग एकदम तिला हसू फुटलं.

"अगं, आपली संख्याच अशी आडमुठी, तिचे सारखे भागच पडत नाहीत! एकच रांग धरा."

"एक रांग? ही कसली वाटणी?" कोल्हा गुरकावला.

"उरतंय का कुणी? स्वतःच मोजा, भाऊजी. फक्त जरा सरका, रांग लांब आहे."

कोल्हा सरकला. रांग डुलत डुलत तळ्यात शिरली. कोल्हा मोजत मागोमाग गेला आणि नाकात पाणी गेल्यावरच थांबला.