विहीणबाईंशी जपानीत

“पण सेन्सेई, एक तरी चूक दाखवा ना!”

उत्पल रिसबूड हे विचारत होता तेव्हा ऑनलाइन कट्ट्यावरची बाकीची मंडळी निघून गेली होती. पडद्यावर दोनच चौकटी उरल्या होत्या. एकीत नाशिकचा उत्पल. दुसरीत वेंगुर्ल्याच्या वत्सलाबाई केळुसकरांच्या घराचं छत, फिरता पंखा आणि तळाशी बाईंचं अर्धं कपाळ. जपानच्या कोबे शहरात उभी हयात काढून आलेल्या बाईंना मोबाइल सरळ धरणं काही जमलं नव्हतं. तरी दर रविवारी सकाळी गावोगावची माणसं त्या कपाळासमोर जमत आणि जपानी शिकत. सगळे बाईंना सेन्सेई म्हणत. म्हणजे गुरुजी.

“चूक नव्हतीच,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“तेच तर…”

झालं होतं असं. कट्ट्यावरचे घोलपकाका, बारामतीचे निवृत्त जनावरांचे डॉक्टर, जपानी शिकत होते ते मुलापायी. रणजितनं तिकडं नोकरी धरली आणि तिकडचीच मुलगी पसंत केली. हारुका तिचं नाव. मुलगी तयार, घोलप तयार. अडून बसली होती ती मुलीची आई, चियो-सान. पार उत्तरेला आओमोरीत सफरचंदाची बाग, नवरा वारलेला, आणि एकुलती एक लेक कुठल्या कोण बारामतीकरांना द्यायची!

काकांनी कट्ट्याला गळ घातली. “विहीणबाईंशी चार शब्द बोलायचेत. पण माझं जपानी म्हणजे गाय आजारी आहे, गाय बरी आहे. पुढं गाडी जात नाही.”

उत्पल धावून आला. साहजिकच होतं. वरची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला कट्ट्यावर तो एकटाच. कुणाचं क्रियापद घसरलं की ते जमिनीवर पडायच्या आत तो झेलायचा.

विहीणबाई कट्ट्यावर आल्या त्या रविवारी त्यानं टाय लावला, मोठाले हेडफोन चढवले, पाठीमागं फुजी पर्वताचं चित्र टाकलं. चित्रानं त्याचा एक कान खाल्ला होता, पण ते सांगायची कुणाची छाती झाली नाही. मग त्यानं अशा आदरार्थी जपानीत सुरुवात केली की राजेसाहेब असते तर तेही अवघडून उभे राहिले असते. आपल्या बागेचा इतिहास काय? दिवंगत पतींचा विशेष छंद कोणता?

चियो-सान गडबडल्या. “वा…” असं काहीसं म्हणून बोलू लागल्या. त्यांच्या मुलखात ‘मी’ला ‘वा’ म्हणतात, पुस्तकात ‘वाताशी’.

उत्पलनं हळूच त्यांना थांबवलं. “क्षमा असावी. आपल्याला ‘वाताशी’ म्हणायचंय का?”

त्यानंतर चियो-सान फक्त “हाय्, हाय्”, म्हणजे हो, हो, म्हणत राहिल्या. मग वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी हारुकाचा निरोप आला. आई म्हणते, ‘परीक्षा अवघड होती. मी नापास झाले वाटतं.’

घोलपकाकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

“येत्या रविवारी मी त्यांना पुन्हा बोलावलंय,” सेन्सेई आता उत्पलला म्हणाल्या. “तूच बसायचंस.”

उत्पलचा चेहरा उजळला.

“फक्त हुंकार द्यायचास.”

“आइझुची!” उत्पल लगेच म्हणाला. “ऐकणाऱ्यानं मधूनमधून दिलेला प्रतिसाद. पाठ आहे मला. त्याचे प्रकार सांगू?”

“नको. हाय्. ए. सो देस का. हो, हं, असं होय, एवढंच बोलायचं.”

“आणि वाक्य?”

“एकही नाही.”

“सेन्सेई, मी वरची परीक्षा पास झालोय!”

“म्हणूनच आधी सराव करू,” बाई म्हणाल्या आणि जपानीत गोष्ट सांगू लागल्या. परसातला फणस कुणीतरी चोरून नेला. शेजारीण शपथेवर सांगत होती की तिनं नेला नाही, पण तिच्या घराला वास…

“सेन्सेई, इथं भूतकाळ हवा ना?”

छत गप्प झालं. पंखा गरगरत होता.

“सेन्सेई? नेटवर्क गेलं का?”

“नाही. तू आलास.”

आठवडाभर फणस चोरीला जात राहिला आणि उत्पल ओठ चावत राहिला. एकदा तर त्यानं तोंडात लिमलेटची गोळी धरून पाहिली. ती कडकन फोडून त्यानं बाईंचं एक अव्यय दुरुस्त केलं.

रविवार उजाडला. या खेपेला टाय नव्हता, हेडफोन नव्हते, फुजी पर्वतही नव्हता. घरातल्या साध्या सदऱ्यात, मागं वाळत घातलेल्या टॉवेलसकट उत्पल बसला होता. शेजारच्या चौकटीत घोलपकाका, इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून, देवासमोर बसावं तसे.

चियो-सान आल्या. अंग चोरून बसल्या. जपून एक वाक्य बोलल्या.

“हाय्,” उत्पल म्हणाला.

त्यांनी थोडी वाट पाहिली. प्रश्न आला नाही. मग आणखी एक वाक्य बोलल्या, जरा लांब.

“सो देस का…”

आणि त्या सुटल्या! घरात बोलायची ती गावची बोली, धबधब्यासारखी. उत्पलला काही कळेना. ‘वा’ सोडला तर एक शब्द ओळखीचा लागेना. वरच्या परीक्षेत हे नव्हतं! विचारायची सोय नव्हती. घाम पुसत तो “ए… ए…” करत राहिला. त्या हसल्या की हसला. त्यांनी नवऱ्याचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला, तेव्हा त्याचा “सो देस का” आपोआप इतका हळू निघाला की त्याचा त्यालाच ऐकू आला नाही.

त्यांनी डोळे टिपले. बागेत जाऊन एक झाड दाखवलं. त्याच्या खोडावरून हात फिरवत बराच वेळ काय काय सांगितलं.

“व्हय… व्हय बाई,” घोलपकाका बारामतीच्या भाषेत म्हणाले. त्यांचाही आवाज भरून आला होता. का, ते त्यांना विचारू नये.

शेवटी चियो-सान सरळ बसल्या. पदर सावरावा तसा एप्रन नीट केला, आणि शाळेत शिकवतात तशा स्वच्छ जपानीत म्हणाल्या, “माझ्या लेकीला सांभाळून घ्या.”

एवढं मात्र सगळ्या कट्ट्याला कळलं. काकांना कळलंच. ते हात जोडून असे वाकले की मोबाइल आडवा झाला आणि बारामतीचं छत वेंगुर्ल्याच्या छताशेजारी दिसू लागलं.

जाता जाता चियो-सान त्याच स्वच्छ जपानीत, पडद्यावरच्या उत्पलकडं बोट दाखवून सेन्सेईंना म्हणाल्या, “या मुलाचं जपानी फार सुंदर आहे हो. गेल्या खेपेला तो एका कानाचा मुलगा होता ना, रेल्वे स्टेशनातल्या घोषणेसारखा बोलायचा? तो आज आला नाही ते बरं झालं.”

“हाय्,” उत्पल म्हणाला.

सगळे गेले. पुन्हा दोन चौकटी. उत्पल न राहवून पुढं सरकला.

“सेन्सेई, खरं सांगू? मला त्या गावच्या बोलीतलं काहीच कळलं नाही. काय म्हणत होत्या त्या?”

“मला तरी कुठं कळलं!” अर्धं कपाळ म्हणालं. “कळलं असतं तर मीसुद्धा मध्येच बोलले असते.”