अर्धा काळा रुपया

एक होता राजा. राज्य सुखी, कोठारं भरलेली, पण डोळे मात्र कायम तांबडेलाल. का? तर त्याची धाकटी लेक काही केल्या झोपायची नाही. इथेही तसं कोणीतरी आहे, बरं का! चंदनाचा झोपाळा झाला, शिसवीचा झाला, मोरपिसांचा पंखा झाला. पोरगी आपली टक्क जागी. मग कोणीतरी राजाच्या कानाला लागलं, "महाराज, चांदीचा झोपाळा करा. पण खाणीतली कोरी चांदी नको. माणसांच्या हातून फिरलेली, जुन्या नाण्यांची हवी."

झालं. राजाने दवंडी पिटवली. दसऱ्याच्या आत ज्याने त्याने घरातली जुनी चांदीची नाणी टांकसाळीत आणावी आणि वजनाला वजन नवी चांदी न्यावी. एकही जुनं नाणं घरात राहता कामा नये.

टांकसाळीच्या दारात बसायची सोनाक्का. नाव सोनाक्का, पण सगळा जन्म गेला चांदीत. तिच्यापुढे तिचा स्वतःचा एक काळा दगड; सकाळी आणायची, संध्याकाळी घरी न्यायची. त्यावर नाणं टाकायचं. खणखणीत वाजलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं. ही विद्या तिला कोणी शिकवली नव्हती. दगडापाशी बसून बसून आली.

आणि आणखी एक गोष्ट होती. जुनं नाणं वाजलं की सोनाक्काला त्याच्या आतलं ऐकू यायचं. ते कुठे कुठे फिरलं, कोणाच्या मुठीत घामेजलं, सगळं. बाकीच्यांना का नाही ऐकू यायचं? अहो, बाकीचे वजन करायचे. ही ऐकायची.

मग लोक रांगा लावून आले. हत्तीछापाची नाणी आली, त्रिशूळछापाची आली. राजाच्या खापरपणजोबांच्या काळातली, चंद्र उलटा उमटलेली तीन नाणी आली. साचा कोरणाऱ्याचा हात चुकला होता, म्हणून टांकसाळ दुसऱ्या दिवशीच थांबवली होती. सगळ्या राज्यात तेवढी तीनच उरलेली. सोनाक्का म्हणाली, "खजिनदार, ही तीन तरी बाजूला ठेवा हो. अशी पुन्हा व्हायची नाहीत."

खजिनदार ताजवा सावरत म्हणाला, "अक्का, चांदी ती चांदी. चंद्र उलटा म्हणून वजन वाढतं का?"

"वजन नाही वाढत. मोल वाढतं."

"मोल मोजायचा ताजवा माझ्याकडे नाही," खजिनदार म्हणाला आणि हसला.

नाणी टोपलीत पडत राहिली. सोनाक्का मात्र पुन्हा पुन्हा पदर चाचपायची. कारण तिच्या पदराच्या गाठीतही एक रुपया होता. काळाकुट्ट, कडा झिजलेला. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा सोनाक्काने झोकात सुरुवात केली, "चांदीच्या रुपयाला चंद्राचा घाट..." आणि पुढचं सगळं विसरली. नावासकट! नवरदेव असा खो खो हसला, असा हसला, की मांडव हलला. हसत हसतच त्याने तो रुपया तिच्या तळहातावर ठेवला. नवरा पुढे देवाघरी गेला. पण रुपया दगडावर टाकला की अजून तस्साच हसायचा. तो मुशीत वितळला की हसू गेलं. कायमचं.

सोनाक्का खोटेपणा करणारी नव्हती. शेवटच्या दिवशी तो न्यायचाच, असं तिने ठरवलं होतं.

शेवटचा दिवस उजाडला. सोनाक्का न्हायला गेली. तिची सून मंजुळा, कामाला वाघीण. तिने गाठ सोडली, राख आणि चिंच घेतली, आणि लागली रुपया घासायला. एक बाजू लख्ख झाली. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं, म्हणून ती धावली.

सोनाक्का बाहेर येऊन बघते तर काय! "अगं, काय केलंस हे?"

"आत्याबाई, राजाकडे जायचं तर ते काय काळं तोंड घेऊन जाईल?"

"अगं वेडे, तो मळ नव्हे. ते त्याचं वय आहे."

सोनाक्काने रुपया दगडावर टाकला. लख्ख बाजूवर पडला, तर मुका. काळ्या बाजूवर पडला, तर हसला, पण अर्धाच. सोनाक्काने डोळे पुसले. म्हणाली, "मंजुळे, दूध सांडलं म्हणून एवढं तरी उरलं हो."

मग तिने टांकसाळीच्या टोपलीतली दोन जुनी नाणी, आपला रुपया आणि दगड पदरात घेतला आणि थेट दरबार गाठला. भर दुपार. राजकन्या खजिनदाराच्या मांडीवर बसून त्याच्या मिशा ओढत होती.

"महाराज," सोनाक्का म्हणाली, "इतके दिवस तोलून घेतलंत. आता एकदा ऐकून घ्या. मग खुशाल मुशीत टाका. मी अडवायची नाही."

राजाने मान हलवली.

सोनाक्काने पहिलं नाणं टाकलं. त्यावर गावोगावच्या सराफांनी पारखून मारलेले बारीक बारीक ठसे होते. मोठ्यांना नुसतं खण्ण ऐकू आलं. पण राजकन्येने मिशा सोडल्या. "समुद्र!" ती म्हणाली.

मग दुसरं टाकलं. कोणा माउलीने ते भोक पाडून बाळाच्या गळ्यात बांधलेलं. भोक पडलं की नाण्याचा भाव पडतो, बरं का! पण राजकन्येने डोळे किलकिले केले. "कोणीतरी जोजवतंय," ती म्हणाली.

मग तिसरा, आपला रुपया, काळ्या बाजूवर टाकला. राजकन्या खुदकन हसली, भलीमोठी जांभई दिली आणि झोपली. खजिनदाराच्या मांडीवर, भर दरबारात!

राजा हरखला. पुन्हा ऐकावं म्हणून त्याने स्वतःच रुपया उचलून टाकला. पडला लख्ख बाजूवर. राजकन्येने खाडकन डोळे उघडले. "गप्प का झाला?"

"काळी बाजू, महाराज, काळी बाजू!" खजिनदारच कुजबुजला. रुपया उलटून टाकला, तेव्हा पोरगी पुन्हा गाढ झोपली.

राजाला उमगलं. सल्ला खरा होता, फक्त चांदी वितळवायची नव्हती. त्याने मुशीखालची भट्टी विझवली. ज्याचं नाणं त्याला परत दिलं. मुशीत गेलेली मात्र गेली, त्याला इलाज नाही. उलट्या चंद्राची तीन नाणी टोपलीच्या तळाशी सापडली, ती खजिनदाराने स्वतः मखमलीवर मांडली. आणि पुन्हा दवंडी पिटली, की जुनं नाणं राखेने घासाल तर खबरदार!

पुढे एक परदेशी सौदागर आला. अर्ध्या काळ्या रुपयाला पांढराशुभ्र घोडा देतो म्हणाला. सोनाक्काने विचारलं, "तुमचा घोडा हसतो का?"

"नाही बुवा. खिंकाळतो."

"मग राहू द्या," म्हणाली आणि पदराची गाठ मारली.

रुपयाची ती बाजू वर्षावर्षाने पुन्हा काळवंडत गेली. हसूही थोडं थोडं परतलं. सोनाक्का रोज राजवाड्यात जायची, एक नाणं वाजवायची, राजकन्या झोपायची, आणि राजाच्या डोळ्यांची लाली गेली. सगळे सुखात राहिले.

आता पांघरूण ओढा, कान उशीला लावा. ऐका... खण्ण. झोपा हं.