सखाहरीचं बोट

बोरखेडी गावात सखाहरी नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगाल ते तो शब्दाला शब्द धरून करायचा. फक्त भलत्या ठिकाणी करायचा.

त्याची थोरली बहीण वैजूताई कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करायची. तिच्या एका खेळात राजवाड्यात शिरायचं, वस्तू हुडकायच्या, किल्ली कुलपाला लावायची आणि कोंडलेल्या राजकन्येला सोडवायचं. सगळं माउसनं. आता तोच खेळ मोबाइलवर बोटानं खेळता यावा म्हणून ताई खपत होती. शहरातले दिघेसाहेब तो बघायला येणार होते. त्यांनी घेतला, तर ताईच्या मेहनतीचं चीज होणार होतं.

"सख्या, आधी तू खेळ," ताई म्हणाली. "तुला जमलं, तर जगाला जमेल."

"ही वस्तू कसली गं?"

"माउसचा बाण वस्तूवर नेला की नाव दिसायचं. इथं बाण नाही. म्हणून बोट दाबून धरायचं. नाव दिसतं."

तेवढ्यात दारात एक अनोळखी गृहस्थ आले. सखाहरीनं त्यांच्या कपाळावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं.

"अहो, हे काय?"

"थांबा. नाव दिसेल."

ताई धावत आली. "अरे, दिघेसाहेब आहेत ते! सोड! बोट टेकवायचं आणि लगेच उचलायचं!"

"असं होय! मग आधी का नाही सांगितलं?"

साहेब खुर्चीत बसले. ताईनं चहाचा ट्रे आणला. "सख्या, धर हा."

सखाहरीनं ट्रेला बोटं टेकवली आणि लगेच उचलली. चहा साहेबांच्या पँटवर गेला.

"अरे देवा! सोडायचं नाही! खेळातली किल्ली कशी, बोटाखाली धरून थेट कुलपापर्यंत ओढत न्यायची. पोचेपर्यंत सोडायचं नाही!"

"असं होय! मग आधी का नाही सांगितलं?"

"जा, साहेबांना मोरी दाखव."

सखाहरीनं साहेबांचं मनगट पकडलं आणि ओढत नेलं. स्टुलावरून, पाटावरून, झोपलेल्या मांजरावरून. मोरीत पोचल्यावरच सोडलं. साहेब शेवाळावर घसरून बसले.

पण माणूस सज्जन. ओल्या कपड्यांनी परत आले, मोबाइल हातात घेतला, खेळ खेळले. अगदी रंगून गेले.

"झकास जमलंय. पण ही किल्ली फार बारीक आहे हो. बोटाखाली झाकून जाते."

"त्याचीही सोय आहे, साहेब. दोन बोटं टेकवायची आणि एकमेकांपासून लांब सरकवायची. लहान असेल ते मोठं होतं."

सखाहरीनं हेही नीट ऐकून ठेवलं.

साहेब उठले. एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा पँटकडे. "खेळ आवडला मला. पण तुमचा भाऊ... बघू, विचार करून कळवतो."

ताईनं हात जोडले. "साहेब, तो भोळा आहे हो. जरा मन मोठं करा."

सखाहरी पुढं झाला. साहेबांच्या छातीवर त्यानं दोन बोटं टेकवली, शर्टाच्या पट्टीत खुपसली आणि जोर लावून लांब सरकवली.

तड, तड, तड! बटणं घरभर उडाली.

साहेब उघड्या छातीनं धावत सुटले, ते थेट गाडीत. गाडी धुरळा उडवत गेली. ताई कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

सखाहरीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी खूप ताणलं गं ताई. पण त्यांचं मन मुळातच लहान होतं."